पूर्वेस शेंगदाणेवाला

आमच्या कबड्डी फोरमच्या ॲडमिनसाहेबांच्या मुलीच्या लग्नात मी जेवून हात धुतले, गर्दीतून त्यांना शोधून काढलं आणि म्हटलं, "साहेब, जेवण फर्स्ट क्लास. मठ्ठा तर झकासच."

कुठलाही वधूपिता अशा वेळी हात जोडतो. यांनी फेटा सावरला आणि विचारलं, "कुठे बसला होतात?"

"म्हणजे?"

"पंगत कितवी? भिंतीकडची रांग की मधली? मठ्ठ्याची पातेली दोन आहेत. त्यातलं एक खारट झालंय अशी तक्रार आहे. तुम्ही कुठल्या पातेल्याबद्दल बोलताय?"

दुसरी पंगत, भिंतीकडची रांग, वाढपी खिडकीच्या बाजूने येत होता, असं मी मुकाट्याने सांगितलं. "मग तुमचं मत धरता येईल," असं म्हणून ते मुलीच्या पाठवणीला गेले. मुलगी रडत होती, तिची आई रडत होती आणि यांच्या चेहऱ्यावर एका पातेल्याचा निकाल लागल्याचं समाधान होतं.

हे गृहस्थ सरकारी मोजणी खात्यात होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या बांधावर गेला. अंगाने काडी, पायात रबरी चपला, खिशात मोजपट्टी, आणि कुणाशीही बोलताना डावा डोळा मिटून घ्यायची सवय. समोरच्याला वाटायचं आपण थोडे तिरके उभे आहोत. मीही कित्येकदा त्यांच्यासमोर नकळत सरळ झालोय. सुतारापासून भटजीपर्यंत सगळ्यांना त्यांनी आयुष्यात एकदा तरी "हे काटकोनात नाही" असं सुनावलं होतं.

कबड्डी हे त्यांचं दुसरं खातं. तरुणपणी पंचांची परीक्षा पास होऊन त्यांनी काही वर्षं गावोगावच्या स्पर्धांत शिट्टी वाजवली आणि मग एका मोसमात अचानक सोडून दिली. कारण विचारलं की म्हणायचे, "गुडघा." माझं रेवदंड्याला औषधांचं दुकान आहे. ते राहायचे माझ्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. त्या गुडघ्यासाठी त्यांनी माझ्याकडून कधी साधं मलमही नेलं नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आमचा कबड्डीचा फोरम त्यांनी वीसेक वर्षांपूर्वी अलिबागच्या एका सायबर कॅफेत काढला. तेव्हा सभासद चार. एक साहेब. दुसरा मी. तिसरा कॅफेचा मालक, कारण साहेबांना टाइप करता येत नव्हतं आणि ते कागदावर लिहून आणायचे ते त्याला टाइप करावं लागायचं. चौथा रेवसच्या बाजूचा एक आगरी डंपरवाला, ज्याने स्वतःचं नाव चवडा ठेवलं होतं. चढाईवाल्याचा घोटा धरून त्याला पाडणं म्हणजे चवडा काढणं. याने कधी कुणाचा काढला नव्हता, पण आवाज असा की तो कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसला की बाकीची गिऱ्हाइकं उठून जायची.

फोरमच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत एकच नियम होता: चतुःसीमेशिवाय वृत्तांत स्वीकारला जाणार नाही. जमिनीच्या खरेदीखतात जागेची ओळख पटावी म्हणून पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस ओढा, असं चारही बाजूंचं लिहितात, ती चतुःसीमा. साहेबांनी ती कबड्डी बघणाऱ्याच्या बुडाला लावली. सामन्याबद्दल एक ओळ लिहायची तरी आधी आपण कुठे बसलो होतो आणि आपल्या चार बाजूंना काय होतं ते सांगायचं. "ऐकीव माहितीवर हद्द कायम होत नाही," हे त्यांचं वाक्य आम्ही इतकं ऐकलं की चवडा ते डंपरच्या मागे रंगवून घेणार होता.

माझा पहिला वृत्तांत असा सुरू झाला: "पूर्वेस मैदान. पश्चिमेस उसाच्या रसाचं दुकान. उत्तरेस शाळेची भिंत. दक्षिणेस गावच्या सरपंचांचे मेहुणे, अंगाने मोठे." दुसऱ्या दिवशी खाली साहेबांचा शेरा: "मेहुणे अंगाने मोठे असल्यास दक्षिणेकडील अर्ध्या मैदानातील चढाया कशा दिसल्या? खुलासा करावा." मेहुणे मध्यंतरात रस प्यायला गेले ते परत आलेच नाहीत, असा खुलासा मी केला. मग वृत्तांत पास झाला. लहानपणी परीक्षेत पास झाल्यावर जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा मला त्या दिवशी झाला, हे सांगायला आज लाज वाटते.

हळूहळू सभासद वाढले. पेण, रोहा, उरण, म्हसळा, शिवाय नोकरीसाठी बाहेर गेलेली मंडळी. प्रत्येक जण मैदानावर गेला की आधी दिशा बघायचा. गावोगावचे आयोजक आम्हाला ओळखायला लागले. "ते बघ आले, सूर्य शोधतायत," असं म्हणायचे. आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. माणसं कशाकशाचा अभिमान धरतात, याचा आम्ही उत्तम नमुना होतो.

मग टीव्हीवर कबड्डी आली. चकचकीत गाद्या, रंगीत दिवे, हरलेल्या चढाईची सहा वेळा पुनरावृत्ती. फोरमवर उत्साहाला उधाण आलं. एकाने घरी बसून वृत्तांत लिहिला आणि इमानदारीत चतुःसीमा दिली: "पूर्वेस टीव्ही. पश्चिमेस बायको. दक्षिणेस फ्रीज. उत्तरेस बायकोची आई." साहेबांनी तो काढून टाकला. शेरा असा: "सामना कॅमेऱ्याने पाहिला. आपण कॅमेरा पाहिला. कॅमेऱ्याने सभासदत्व घेतल्यास त्याचा वृत्तांत घेऊ." त्या एका शेऱ्यापायी निम्मे सभासद गेले. उरलेल्यांनी तो पाठ केला.

आता माझ्यावर झालेल्या अन्यायाबद्दल. मी तो विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

किनाऱ्यावरच्या त्या मोठ्या वादळानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात दिवेआगरला स्पर्धा होती. मी दुकान बंद करून निघालो, मुरूडला एका ओळखीच्याकडे चहाला थांबलो, आणि आगरदांड्याला पोचलो तेव्हा दिघीची बोट धक्का सोडून निघाली होती. पुढच्या बोटीने जाऊन उपयोग नव्हता. धक्क्यावर भजी खाल्ली, दिवेआगरच्या मित्राला फोन लावला, त्याने सगळा सामना सांगितला. घरी येऊन मी वृत्तांत लिहिला. मैदान माझ्या पाठ होतं, दहा वेळा तिथे बसलोय. "पश्चिमेस मैदान. पूर्वेस वडापावची गाडी. उत्तरेस मंडप. दक्षिणेस नारळाची वाडी, तिची सावली दुसऱ्या सत्रात मध्यरेषेपर्यंत आली होती." सावलीच्या वाक्यावर मी स्वतःच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी शेरा आला. साहेब रागावले की 'तुम्ही' सोडून 'आपण' म्हणायचे. "आपण लिहिलेल्या दक्षिणेस वादळापासून एकही झाड उभे नाही. पडलेल्या झाडांची सावली मध्यरेषेपर्यंत कशी येते? आपण गेला नव्हता. खोटी चतुःसीमा. एक मोसम लेखनबंदी."

वर कडी म्हणजे तो वृत्तांत त्यांनी काढला नाही. लाल पट्टी लावून तिथेच ठेवला. आजही आहे. माझा मुलगा मित्रांना दाखवतो.

मी त्यांच्या घरी गेलो, भांडलो. म्हटलं, "साहेब, गुण बरोबर आहेत, चढाया बरोबर आहेत, निकाल बरोबर आहे. नारळाने काय बिघडलं?"

"नारळ नव्हते," ते म्हणाले.

"एवढ्यासाठी एक मोसम?"

"माणूस जागेवर असून बघत नाही, तिथे जागेवर नसलेल्याचं काय सांगता?" असं म्हणून त्यांनी डावा डोळा मिटला आणि माझ्या खांद्यावरून भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत बसले. त्या खिळ्याला त्यांची जुनी शिट्टी टांगलेली होती. मला वाटलं, म्हातारा खिळा सरळ आहे का ते बघतोय.

त्या एका मोसमात मी त्यांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या मी दुकानातल्या उधारवाल्यांनाही दिलेल्या नाहीत. आणि तरीही रोज फोरम उघडून वाचत होतो.

आता मस्कतवाल्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं.

हा आमचा पाचवा सभासद. नाव इक्बाल, मूळचा मुरूडकडचा. मस्कतला मामाच्या दुकानात होता, पुढे स्वतःचं दुकान झालं. तो कधी वाद घालायचा नाही, कुणाला टोमणा मारायचा नाही. वर्षातून एकदा, मोसम संपता संपता, एकच प्रश्न लिहायचा:

"रेवसची फायनल. मी चढाईला होतो. बरोबरी होती. दोगांना शिवून परत येताना पंचानं हात वर केला, पाय भाईर गेला म्हनून. माजा पाय कुठं पडला होता, ते कुनी बगितला असंल तर सांगा."

फोरम निघायच्याही आधीची ती फायनल. रेवसच्या अलीकडच्या एका वाडीत दुपारी झाली होती. मुंबईच्या एका कारखान्याच्या संघाचा माणूस त्या दिवशी खेळाडू बघायला आला होता. इक्बालला घ्यायचं जवळजवळ ठरलेलं होतं. कारखान्यात कायमची नोकरी आणि वर कबड्डी, म्हणजे आमच्याकडच्या पोराला त्या काळी याहून मोठं स्वप्न नव्हतं. त्या एका हाताने फायनल गेली. तो माणूस जिंकलेल्या संघातला एक जण निवडून घेऊन गेला. इक्बाल पुढच्या महिन्यात मस्कतला गेला.

साहेबांकडे फोरमच्या आधीच्या सामन्यांच्याही वह्या होत्या. कुठल्या गावात कोण कितव्या मिनिटाला बाद झाला ते सांगायचे. पण इक्बालच्या प्रश्नाखाली दरवर्षी त्यांचं एकच उत्तर असायचं: "या सामन्याचा वृत्तांत उपलब्ध नाही." दुसऱ्या वर्षी चवड्याने तोंड घातलं. "मी व्हतो तय. पाय भाईरच गेल्ता." साहेबांनी ते काढलं, चतुःसीमा नाही म्हणून. चवड्याने चिडून चतुःसीमा दिली: "पूर्वेस मानसा, पश्चिमेस मानसा, उत्तरेस मानसा, दक्षिणेस मानसा." त्यावर शेरा पडला: "माणसांपलीकडचे दिसत नाही. साक्ष रद्द." आम्ही खूप हसलो होतो. इक्बालने खाली लिहिलं, "ठीक हाय. पुडच्या वर्षी विचारीन." आणि विचारलं. न चुकता, वर्षानुवर्षं.

गेल्या वर्षी फोरमला वीस वर्षं झाली म्हणून जुन्या सभासदांनी दिवेआगरला एका होमस्टेमध्ये जमायचं ठरवलं. फोरम तोपर्यंत नावापुरता उरला होता. सगळे व्हॉट्सॲपवर गेले होते आणि तिथे कुणी कुठे बसलाय याची कुणाला पर्वा नव्हती. तरी चाळीसेक जण आले. चवडा दोन गाड्या भरून घेऊन आला. जेवणात सुरमई, सोलकढी, आणि नंतर आठवणी.

जुन्या सभासदांच्या आठवणी हा एक बघण्यासारखा प्रकार असतो. पहिल्या दिवशी कॅफेत आम्ही चौघे होतो. दिवेआगरला त्या दिवशीचे अकरा जण निघाले. ज्याला मी स्वतः सहाव्या वर्षी सभासद करून घेतलं होतं, तो कॅफेतल्या पंख्याचा आवाज करून दाखवत होता. टीव्हीपायी सोडून गेलेलाही आला होता आणि "आपला फोरम म्हणजे शिस्त" असं सांगत होता. साहेब कोपऱ्यात खुर्चीवर बसून डावा डोळा मिटून सगळ्यांकडे बघत होते. एकदाही कुणाला "कुठे बसला होतात" असं त्यांनी विचारलं नाही. मला ते विचित्र वाटलं. आजारी आहेत की काय, असंही वाटलं.

मग एक रिक्षा आली आणि तीतून एक पांढऱ्या दाढीचा, रुंद खांद्यांचा माणूस काठी टेकत उतरला. मस्कतवाला. दुकान मुलाच्या हाती देऊन कायमचा परतला होता. फोरम निघाल्यापासून त्याला कुणीच प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. आम्ही मिठ्या मारल्या. चवड्याने त्याला ओढत साहेबांकडे नेलं. "ये, तुना दावतो. ह्ये आपलं ॲडमिन."

इक्बालने हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. तो साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होता. मग हळू म्हणाला, "तुमी पंच होताव."

साहेब उठून उभे राहिले. "होय."

"रेवसला."

"होय."

मागे कुणीतरी पंख्याच्या आवाजाची नक्कल अजून करत होता. त्याला गप्प केलं गेलं. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी उजेड पडला असणार. वीस वर्षं हा माणूस त्या प्रश्नाखाली "उपलब्ध नाही" लिहीत होता आणि वृत्तांत त्याच्याच डोळ्यांत होता. मला संताप आला. माझ्या नारळांची आठवण झाली, हेही खरं.

इक्बाल खुर्ची ओढून बसला. त्याचा आवाज चढला नाही. "मंग सांगा सायेब. रूल परमानं. तुमची चतुःसीमा सांगा."

साहेब बसले नाहीत. शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखे हात बाजूला घेऊन उभे राहिले.

"पश्चिमेस मैदान," ते म्हणाले. "पूर्वेस शेंगदाणेवाला. दक्षिणेस गुणलेखकाचं टेबल. उत्तरेस," आणि थांबले. "उत्तरेस निदान रेघ. वाकडी."

"म्हनजे काय?"

"त्या वर्षी रेघा मला न विचारता मारल्या होत्या. चढाईवाल्याला जी ओलांडावीच लागते ती निदान रेघ, उत्तरेकडच्या अर्ध्यात. एका टोकाला ती सहा बोटं आत आली होती. पहिल्या सत्रापासून ती मला टोचत होती. तुमची शेवटची चढाई दक्षिणेच्या अर्ध्यात चालली होती, आणि मी उत्तरेकडे ती रेघ बघत होतो. कुणी मारली असेल, दोरी धरली होती की नाही, याचा विचार करत होतो."

"आनि माजा पाय?"

"तुमचा पाय मी पाहिला नाही."

"मंग हात?"

"लोक ओरडले. भाईर, भाईर. मी वळलो, तुम्ही मध्यरेषेवर पोचला होतात. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात वर केला."

 मग चवडा बोलला, आणि त्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा लहान ऐकला. "सायेब, आमी त आख्खा टायम भाईर भाईरच वरडत व्हतो. घरचा संघ व्हता ना आमचा. यो चढाईला आला का भाईर. पानी पियाला गेला तरी भाईर."

"मंग तुनी पाय बगितला व्हतास का?" इक्बालने त्याला विचारलं.

चवड्याने मान हलवली. "नाय र. पुडं मानसा व्हती. पंच बी धड दिसला नव्हता."

इक्बालने काठी मांडीवर आडवी घेतली. "मना वाटला होता, पाय आत हाय," तो म्हणाला. "बोटांना कलतं ना, रेगंची फक्की लागली का न्हाय. पन तुमी हात वर केलाव. मी म्हटला, पंचानं बगितला म्हनजे गेलाच असंल. बायकोला सांगितला, पोरांना सांगितला, चूक माजी. इतकी वर्सां मी माज्या पायाचा ऐकला न्हाय, सायेब. तुमचा ऐकला."

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. गुडघा म्हणे. या माणसाने एकदा बघितलं नाही आणि त्याची शिक्षा म्हणून वीस वर्षं आम्हा सगळ्यांना बघायला लावलं.

घरी आल्यावर साहेबांनी फोरमवर एक सूचना लावली. नेहमीचाच नमुना, लाल पट्टी. "सभासद: ॲडमिन. कारण: न पाहता निर्णय. शिक्षा:" आणि पुढे जागा कोरी. खाली लिहिलं होतं, ती मस्कतवाल्यांनी भरावी. आठ दिवस कोरीच राहिली. मेलेला फोरम त्या आठ दिवसांत असा जागा झाला की दर तासाला चाळीस जण येऊन ती कोरी जागा बघून जात होते. जन्मभराची बंदी होणार, असं बहुतेकांचं मत पडलं. आम्ही सगळे कुठल्याही चतुःसीमेशिवाय मत देत होतो.

नवव्या दिवशी इक्बालने लिहिलं: "एक मोसम."

मी त्याला तडक फोन लावला. म्हटलं, "इक्बालभाई, हा काय न्याय? मी नसलेल्या चार नारळांसाठी एक मोसम भोगलाय. यांनी तुमचा जन्म घालवला."

"रूल तोच हाय ना," तो म्हणाला. "रूल तेंचाच हाय. आनि जन्म नाय गेला. मस्कतला बी सूर्य उगवतो." मग म्हणाला, "लिवायची बंदी हाय. बगायची न्हाय. तेंना मी माज्या बाजूला बसवनार हाय. एक बी चढाई सोडू देनार न्हाय."

आणि तसंच झालं. या मोसमात रेवसपासून म्हसळ्यापर्यंत जिथे जिथे स्पर्धा झाल्या तिथे ही जोडी पहिल्या रांगेत, बाजूच्या रेघेपाशी. एकाची काठी, दुसऱ्याची मोजपट्टी. प्रत्येक चढाई संपली की इक्बाल विचारायचा, "सायेब, काय झाला?" आणि साहेबांनी सांगायचं. दिसलं असेल तर दिसलं ते. नसेल तर, "नाही पाहिलं." हे "नाही पाहिलं" ते सुरुवातीला इतकं हळू म्हणायचे की इक्बाल कानाला हात लावून पुन्हा म्हणायला लावायचा. दया करणारा माणूस असा वागत नाही. मला ते बघून बरं वाटायचं, लपवत नाही.

मोसमाचा शेवटचा सामना चौलच्या बाजूला होता. दुपारची वेळ. मी त्यांच्या पाठीमागच्या रांगेत होतो. आता वृत्तांत मी लिहितो, दुसरं कोण लिहिणार. चवडा पलीकडे उभा राहून, घरचा संघ नसतानाही, सवयीने "भाईर, भाईर" करत होता. शेवटची काही मिनिटं उरली होती. एक काटकुळा पोरगा चढाईहून बाजूच्या रेघेला घासत परत आला आणि तरण्या पंचाने हात वर केला. पाय बाहेर.

इक्बालने नेहमीसारखं विचारलं नाही. तो नुसता साहेबांकडे वळला.

साहेब उभे राहिले. "आत होता," ते म्हणाले.

"आजोबा, खाली बसा," मागून कुणीतरी म्हणालं.

"पाय आत होता," साहेब मोठ्याने म्हणाले. एवढा मोठा आवाज त्यांच्या काडीच्या अंगात होता हे मला माहीत नव्हतं. प्रेक्षकाने पंचाला काही बोलायचं नाही, असं तर तेच आम्हाला बजावायचे.

पंच जवळ आला. वैतागला होता, पण वय बघून सभ्यपणे बोलला. "आजोबा, तुम्हाला तिथून काय दिसणार?"

"पश्चिमेस मैदान, रेघ तीन हातांवर," साहेब म्हणाले. "मध्ये कोणी नाही. दक्षिणेस खांब. पूर्वेस औषधवाले. उत्तरेस इक्बाल." दोन्ही डोळे उघडे होते. "मी बघत होतो."

पंचाला यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही. त्याने निर्णय बदलला नाही, शिट्टी वाजवली, तो पोरगा खाली मान घालून बाहेर गेला. साहेब तसेच उभे. लोक हसायला लागले होते. इक्बालने त्यांचा हात धरला.

"बसा सायेब," तो म्हणाला. "बगितलाव तुमी. बसा आता."

ते बसले. त्या सामन्याचा वृत्तांत मी रीतसर चतुःसीमेसह लिहिलाय. फक्त त्या एका चढाईत पाय आत होता की बाहेर, ते त्यात नाही. मी त्या वेळी या दोघांकडे बघत होतो.